पेराएवढा शिपाई

माझ्या तपासणीच्या टेबलावर, लहान मुलांच्या वजनकाट्याशेजारी, एक शिपाई उभा आहे. लाल डगला, राखाडी विजार, डोक्यावर काळी उंच टोपी, खांद्याला बंदूक. उंची 28 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढी. तीन वर्षांपूर्वी दम्याच्या फेरतपासणीसाठी आलेल्या सात वर्षांच्या एका मुलाने त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि मला विचारले, "डॉक्टर, हा असा भ्यालाय कशाला? त्याला पण सुई देणार काय?"

प्रश्न बिनतोड होता. हा शिपाई वेलिंग्टनच्या सैन्यातला. 18 जून 1815 रोजी वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनच्या घोडदळापुढे त्याने छाती काढून उभे राहायचे; पण मी त्याच्या डोळ्यांत इतका पांढरा रंग भरला होता आणि त्यावर इतका ठसठशीत काळा ठिपका दिला होता, की थायरॉइडच्या विकारात दिसावेत तसे त्याचे डोळे खोबणीबाहेर आले होते. नवशिक्याची ही सर्वांत प्रसिद्ध चूक आहे, हे मला नंतर कळले. तो मुलगा मात्र ते पहिल्या नजरेत ओळखून मोकळा झाला. लहान मुलांच्या डॉक्टरला परीक्षकही लहानच मिळतात, आणि ते कोणाची भीड ठेवत नाहीत.

आपल्या स्मरणिकेसाठी "काहीतरी लिहा, पण औषधाबद्दल नको" अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा या शिपायाबद्दलच लिहावे असे ठरवले. ऐतिहासिक शिपायांच्या लघुमूर्ती रंगवण्याचा छंद मला चोपन्नाव्या वर्षी लागला. मी त्यात वाकबगार झालेलो नाही. पण 'अजिबात येत नाही' इथून 'थोडेसे येते' इथपर्यंतचा प्रवास माझ्या हातून पुन्हा एकदा घडला, आणि त्या प्रवासाने मला माझ्याच व्यवसायाबद्दल काही शिकवले. ते सांगण्याजोगे वाटते.

हात थरथरू लागतो तेव्हा

आरंभ फारसा आनंदाचा नव्हता. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या एका बाळाला सलाईनसाठी सुई लावायची होती. आयुष्यभर हे काम मी डोळे मिटून करू शकेन अशा गुर्मीत वावरलो. त्या रात्री दोनदा शीर हुकली. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा सिस्टरांनी काही न बोलता ट्रे माझ्या तरुण सहकाऱ्याकडे सरकवला. त्याने पहिल्या प्रयत्नात शीर धरली. मी "छान" म्हणालो आणि हात धुवायला गेलो. आरशात चष्म्याची काच दिसली. त्यामागचा माणूस नीट पाहायला धीर झाला नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलीने वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या शिपायांची एक पेटी पाठवली. प्लॅस्टिकच्या चौकटीतून हात, पाय, डोकी कापून काढायची, चिकटवायची आणि रंगवायची. "बाबा, तुमच्या हाताला काम," एवढेच तिने लिहिले होते. सुईचे दुःख मी तिला सांगितलेले नव्हते, तरी ते वाक्य मला लागले. पेटी चार महिने कपाटावर पडून राहिली.

या शिपायांचे घराणे

हा छंद आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून त्याचे घराणे थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे शिपाई ओतून विकले. 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे आतून पोकळ शिपाई ओतण्याची रीत काढली आणि शिपाई मध्यमवर्गीय मुलाच्या खिशाला परवडू लागला. 1913 मध्ये एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराने 'लिट्ल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून अशा शिपायांच्या लढायांचे नियमच बांधून दिले.

त्याच्याही आधीचा एक वेडा मला फार आवडतो. विल्यम सिबॉर्न हा इंग्रज अधिकारी वॉटर्लूच्या रणभूमीवर आठ महिने जाऊन राहिला, जमिनीची मोजणी केली, लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून 'आपण त्या संध्याकाळी नेमके कोठे होता' असे विचारले, आणि सुमारे 70 हजार इवल्या शिपायांची प्रतिकृती उभी केली. ती 1838 मध्ये लंडनला प्रदर्शित झाली. त्याला आलेली ती पत्रे आज त्या लढाईच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात. खेळणे नीट करायचे म्हटले की इतिहासही नीट विचारावा लागतो, तो असा. आणि वेलिंग्टन आपल्याला परका नाही. 1803 मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे उभा ठाकलेला आर्थर वेलस्ली तो हाच.

दुधात पाणी

पावसाळ्यातल्या एका रविवारी मी पेटी उघडली. पहिला शिपाई दोन तासांत रंगवून टाकला. तोच हा टेबलावरचा. त्याच्यातले सगळे दोष आज मला तोंडपाठ आहेत.

पहिला दोष रंगाचा. बाटलीतला अॅक्रिलिक रंग मी तसाच, घट्ट, मूर्तीवर फासला. डगल्याच्या गुंड्या, बोटांमधल्या फटी, ओठ, सगळे रंगाखाली गाडले गेले. जाणकार सांगतात, रंग पाण्याने दुधाइतका पातळ करावा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. हे वाचून मला हसू आले. बाळाच्या वरच्या दुधात पाणी घालू नका, असे मी तीस वर्षे आयांना ओरडून सांगत आलो. आणि आता स्वतःच पाणी घालत बसलो होतो!

दुसरा दोष अस्तराचा. प्लॅस्टिकवर वा धातूवर रंग धरावा म्हणून आधी अस्तराचा फवारा मारतात. बेळगावचा जुलै कसा असतो हे आपणास सांगायला नको. भिंतींना ओल, कपड्यांना वास. अशा दमट हवेत मारलेला फवारा खरखरीत बसला आणि माझ्या शिपायाला घामोळे आल्यासारखे दिसू लागले. वॉर्निशचेही तेच. शेवटचा मॅट हात पावसात दिला की त्यावर पांढुरके धुके चढते आणि महिन्याची मेहनत पिठात लोळवल्यासारखी दिसते. तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे: रंग बारमाही, फवारा मात्र दिवाळीनंतर.

तिसरा दोष कुंचल्याचा. बारीक काम म्हणून मी बाजारातला सर्वांत बारीक, तीन शून्यांचा कुंचला आणला. त्यात रंगाचा थेंबच मावत नाही. मूर्तीपर्यंत हात नेईतो तो टोकावर वाळून जातो. त्यापेक्षा एक किंवा दोन नंबरचा, भरपूर पोटाचा पण टोकदार कुंचला चांगला. रंगात तो अर्ध्यापर्यंतच बुडवावा. केसांच्या मुळाशी, धातूच्या कड्यात रंग शिरला की टोक कायमचे फुटते. रंग ताटलीत लवकर वाळतो, त्यावर उपाय म्हणून मी आपल्याच कपाटातला किडनी ट्रे काढला, त्यात ओला गॉज पसरला आणि वर बेकरीत वापरतात तसला कागद ठेवला. त्यावर रंग तासन्तास ओला राहतो. निवृत्त किडनी ट्रेचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

राहिला थरथरता हात. त्याला औषध फार साधे निघाले. मूर्ती हातात धरायची नाही; ती औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवायची आणि बाटली धरायची. दोन्ही कोपरे टेबलावर, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकलेली, श्वास सोडताना रेघ. थरथर जात नाही; पण दोन्ही हात एकत्र हलतात, त्यामुळे कुंचला आणि मूर्ती यांच्यातले अंतर तेच राहते. हे कळल्यावर मी काही क्षण स्तब्ध बसलो. बाळाचा हात धरून सुई लावताना मनगट टेकवायला मला माझ्या गुरूंनी शिकवले होते. मी ते केव्हाच सोडून दिले होते, कारण मला त्याची गरज उरली नव्हती, असे मला वाटत होते.

मावळ्यांची शिकवण

पुढच्या सहा शिपायांचे रंग रेषेत बसले, तरी हातभर अंतरावरून ते मातीच्या ढेकळांसारखे दिसत. कारण समजेना. ते कळले दिवाळीत, गल्लीतल्या मुलांच्या किल्ल्यासमोर.

आपल्या बेळगावात किल्ल्यांची हौस किती, हे आपण जाणताच. त्या किल्ल्यावर बाजारातले मातीचे मावळे उभे होते. गुलाबी चेहरा, दोन काळे ठिपके, आडवी मिशी, भगवा फेटा. रंगकाम ओबडधोबड; पण रस्त्याच्या पलीकडूनही भालेवाला कोणता आणि तुतारीवाला कोणता ते ओळखू येत होते. ज्या कारागिराने दिवसाला शेकडो मावळे रंगवले, त्याला पक्के ठाऊक होते की मूर्ती लहान तितका रंगांतला विरोध मोठा हवा.

त्यामागचे कारण असे. खऱ्या माणसाच्या कपड्याची चुणी बोटभर खोल असते, तिच्यात खरी सावली पडते. पेराएवढ्या शिपायाची चुणी जेमतेम अर्धा मिलिमीटर. खोलीतला उजेड तिच्यात सगळीकडे पोचतो. म्हणून सावली आपणच रंगवावी लागते. खोलगट भागात गडद छटा, सपाटीवर मूळ रंग, उंचवट्यांवर उजळ छटा, अशी तीन पायऱ्यांची ही रीत. चेहऱ्यासाठी पातळ तपकिरी रंगाचा एक हात पुरतो. तो आपोआप डोळ्यांच्या खाचेत आणि नाकाशेजारी जाऊन बसतो. जास्तीचा थेंब साचला तर कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा. पांढरा पट्टा थेट पांढरा करू नये. आधी करडा, मग कडा सोडून मध्ये पांढरा. काळी टोपी निव्वळ काळी ठेवू नये. कडांवर गडद राखाडी रेघ हवी. रंगवण्याचा क्रम कपडे घालण्याचा: आधी त्वचा, मग डगला, मग पट्टे आणि पडतळे. आतून बाहेर आले की आधीचे काम बिघडत नाही.

लाल डगला आणि वाढते हाड

लाल रंगाने मला सर्वांत छळले. उजळ छटेसाठी लालात पांढरा मिसळला की शिपाई गुलाबी होतो. लालाला उजेड द्यायचा तो नारिंगीने, आणि सावली तपकिरी लालाने. शिवाय 'लाल' म्हणजे कोणता लाल? ब्रिटिश अधिकाऱ्याचा डगला किरमिज्याच्या किड्यापासून काढलेल्या महागड्या रंगाचा, झगझगीत. साध्या शिपायाचा मात्र मॅडरच्या मुळांनी रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण.

मॅडर हे नाव वाचताच मी उठून बसलो. 1736 मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन बेल्चियर यांनी पाहिले, की मॅडर मिसळलेला कोंडा खाणाऱ्या डुकरांची हाडे लाल होतात. पुढे दुहामेल आणि जॉन हंटर यांनी तीच युक्ती वापरून हाड कोठे आणि कसे वाढते ते शोधले. रंग खाऊ घालायचा, थांबवायचा, पुन्हा घालायचा. जे नवे हाड बनले तेवढेच लाल. आपण विद्यार्थ्यांना हाडांची वाढ शिकवतो तिचे पहिले धडे याच रंगाने लिहिले गेले. हाड एकदम मोठे होत नाही, थरावर थर चढतो. त्या रात्री मी डगल्यावर नारिंगीची शेवटची रेघ ओढली तेव्हा हे मनात होते.

आलेख

आता मुख्य गोष्ट. सुरुवातीला मी परदेशी मासिकांतली उस्तादांची छायाचित्रे समोर ठेवून रंगवत असे आणि दर रविवारी खट्टू होऊन उठत असे. एकदा पत्नी म्हणाली, "तुम्ही आयांना काय सांगता? शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नका म्हणून ना?"

खरेच. वजनाच्या एका नोंदीवरून बाळाबद्दल फारसे काही कळत नाही. नोंदी जोडून आलेखाची दिशा पाहावी लागते, आणि ती त्याच बाळाच्या मागच्या नोंदींशी ताडून. मी तोच नियम स्वतःला लावला. सहा-सहा शिपायांची तुकडी करायची. प्रत्येक तुकडीत एकच नवी गोष्ट सुधारायची: या वेळी फक्त पातळ रंग, पुढच्या वेळी फक्त सावल्या, त्यानंतर फक्त चेहरे. जमो न जमो, तुकडी पुरी करायची. अर्धवट शिपायाकडून काही शिकता येत नाही. आणि प्रत्येक तुकडीतला पहिला शिपाई, कसाही असो, न पुसता फळीवर ठेवायचा. आज त्या फळीवर 11 शिपाई ओळीने उभे आहेत. दोन ठिकाणी आलेख खाली आला आहे. एकदा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवली तेव्हा, आणि एकदा आई गेली त्या महिन्यात. पण दिशा वरची आहे.

याच फळीसमोर मला एक जुनी गोष्ट आठवली, जी लिहिताना आजही संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी एक निवासी डॉक्टर, पहिल्या वर्षाची मुलगी, एका बाळाला सुई लावताना चार वेळा चुकली. मी बाळाच्या आईदेखत तिला म्हणालो, "हे हात घेऊन बालरोगात कशाला आलीस?" ती काही बोलली नाही. मी शीर धरली आणि विजयी मुद्रेने निघून गेलो. तिचे मनगट टेकलेले नव्हते, उजेड तिच्या पाठीमागून येत होता आणि तिची सावली बाळाच्या हातावर पडत होती. हे सगळे मला दिसले होते. मी त्यातले एकही सांगितले नाही. मला येते हे दाखवण्यात मी इतका गुंतलो होतो, की कसे येते ते सांगायचे राहून गेले.

पुढे ती शिकून दुसऱ्या गावी गेली. गेल्या वर्षी मी तिला फोन करून क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "सर, मी आता माझ्या ज्युनिअरना दिवा आधी फिरवायला सांगते." ते तिचे तिने शोधून काढले होते. आता मीही मुलांना एका वेळी एकच गोष्ट सांगतो: आज फक्त मनगट, उद्या उजेड. अवघड शिरा मी आता त्यांच्या हाती सोपवतो आणि दिवा धरून उभा राहतो.

थोडा वैद्यकीय सल्ला

संपादकांची क्षमा मागून दोनच वाक्ये औषधाची. कुंचल्याचे टोक जिभेने ओले करून वळवण्याची सवय कोणी लावून घेऊ नये. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगवताना असेच टोक ओठांनी वळवणाऱ्या अमेरिकन मुलींचे 1920च्या दशकात काय झाले, ते आपण जाणतो. आणि जुने धातूचे शिपाई शिशाचे असू शकतात, तेव्हा ते घासताना भुकटी लहान मुलांपासून दूर ठेवावी, हात धुवावेत. मुलाच्या रक्तातल्या शिशाची निर्धोक पातळी अशी कोणतीही नाही.

आपल्या रंगाचा माणूस

सध्या बाटलीच्या बुचावर उभा आहे तो वॉटर्लूचा नाही. 1922 पासून मराठा पलटणीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे; त्यांच्या बिगुलाच्या वेळांवर आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गेले. म्हणून या वेळी नायक यशवंत घाडगे घेतले आहेत. 10 जुलै 1944, इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे. तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले असताना हा बावीस वर्षांचा जवान एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला, तो मोर्चा त्याने निकामी केला आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

खाकी रंग लालाहून अवघड निघाला. एकाच मातकट रंगातून उजेड आणि सावली काढायची. पण खरी पंचाईत झाली चेहऱ्यावर. माझ्याकडच्या 'त्वचा' असे नाव असलेल्या बाटलीत गोऱ्या माणसाची त्वचा होती. आपल्या रंगाची बाटली नव्हती. मी मिसळत बसलो. सावलीत निळा गेला, तर जवान सायनोसिसचा रुग्ण दिसू लागला. उजळ छटेत पिवळा जास्त पडला, तर कावीळ. पांढरा घातला, तर पंडुरोग. तीस वर्षे मी मुलांच्या त्वचेत रोग शोधत आलो. निरोगी सावळा रंग कशाकशाचा बनतो, हे कधी पाहिलेच नव्हते. अखेर लालसर तपकिरीवर गेरू आणि थोडा नारिंगी चढवत गेलो, तेव्हा कुठे समोर एक ओळखीचा माणूस उभा राहिला.

त्याला डोळे रंगवलेले नाहीत. शिरस्त्राणाखाली एक गडद रेघ फक्त आहे. या आकारात तेवढी पुरते. तो दम्याचा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात आला, दोन्ही शिपायांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाला, "हा नाही भ्यालेला." मग विचारले, "आमच्या किल्ल्यावर देणार काय?"

देणार आहे. फक्त वॉर्निश राहिले आहे, आणि बाहेर अजून पाऊस आहे. या दिवाळीला त्याला वॉर्निशविनाच किल्ल्यावर उभे राहावे लागेल.